वेटिंग रूममधला टीव्ही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादरला माझा दातांचा दवाखाना आहे. वेटिंगची खोली १० बाय १२ फूट, खुर्च्या आठ. किती इंची टीव्ही घेऊ आणि कुठे लावू?

४३ इंची पुरे. जागा ठरवायची तर आठही खुर्च्यांवर एकेकदा बसून बघा. टीव्हीच्याच भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्च्यांवरून काहीच दिसत नाही, त्या आधी हलवा. खिडकीच्या समोरची भिंतही टाळा, कारण दुपारी पडद्यात खिडकीच दिसते. खालची कड जमिनीपासून साधारण ५ फुटांवर ठेवली तर मुलांचे हात पोचत नाहीत. मात्र एवढ्या उंचीवर टिल्ट होणारा माउंटच घ्या आणि पडदा दहाएक अंश खाली झुकवा, नाहीतर पेशंटची मान दुखणार आणि तुम्ही बघणार दात.

प्रश्न : बोरिवलीच्या नव्या इमारतीत ऑफिस आहे. टीव्ही लावायला आलेला माणूस ‘भिंत कच्ची आहे’ म्हणून परत गेला.

ड्रिल केल्यावर लाल पूड पडली तर वीट. पांढरट-करडी पूड पडली आणि बिट सरसर आत गेलं, तर सिपोरेक्स, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ब्लॉक. सिपोरेक्समध्ये साधा रावल प्लग सुरुवातीला घट्ट वाटतो, पण ब्लॉक ठिसूळ असल्यामुळे वजनाने भोक हळूहळू मोठं होतं आणि माउंट वरच्या बाजूने सुटायला लागतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि सिपोरेक्ससाठीच मिळणारे लांब प्लग किंवा केमिकल अँकर वापरा. टीव्ही पुढे ओढता येतो तो, लांब दांड्याचा माउंट अशा भिंतीवर नकोच. जिप्सम पार्टिशन असेल तर आधी सुताराकडून आत प्लाय बसवून घ्या. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल, तर ती भिंत सोडाच.

प्रश्न : गिरगावात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. पेन ड्राइव्हवर मराठी सूचना टाकल्या, पण अक्षरं फुटतात. जी नीट दिसतात तीही कोणी वाचत नाही.

‘दिवस’चं ‘दविस’ आणि ‘स्त्री’चं ‘स्‌त्‌री’ होत असेल, तर टीव्हीला किंवा प्लेअरला देवनागरी जोडता येत नाही. फॉन्ट बदलत बसू नका. प्रत्येक सूचना १९२० बाय १०८० च्या जेपीजी चित्रात सेव्ह करा. चित्रातलं अक्षर फुटत नाही.

न वाचण्याचं कारण बहुधा अक्षराचा आकार. १० फुटांवरून आरामात वाचायला अक्षर इंचभर उंच हवं. ४३ इंची पडद्यावर ते सुमारे ५० पिक्सेल भरतं. मात्रा-वेलांट्यांसाठी ओळींमध्ये जास्त जागा सोडा. एका चित्रात एकच गोष्ट : ‘उपाशीपोटी तपासणीसाठी ८ ते १२ तास काही खाऊ नका, पाणी चालेल.’ चित्र किती सेकंद ठेवायचं? मजकूर सावकाश दोनदा मोठ्याने वाचा, तेवढा वेळ.

दुसरं कारण कंटाळा. लूप, म्हणजे फिरून फिरून येणारा चित्रांचा क्रम, ५ मिनिटांचा आणि पेशंट ४० मिनिटं बसलेला, म्हणजे तेच आठ वेळा. काउंटरवरच्या ताईंना तर दहा तासांत १२० वेळा! लूप अर्ध्या तासाचा तरी करा. आणि ‘आता टोकन २७’ हा कोपरा कायम ठेवा. वेटिंगमधली माणसं सर्वांत जास्त तिथेच बघतात. तिथे फक्त नंबर दाखवा, पेशंटचं नाव किंवा तपासणी नको. असा कोपरा दिवसभर जागचा हलत नाही, म्हणून ओएलईडी टीव्ही घेऊ नका, त्यावर डाग कायमचा राहू शकतो.

प्रश्न : मुलुंडला आमचं कार सर्व्हिस सेंटर आहे. टीव्ही रोज दुपारी आपोआप बंद होतो. बिघाड आहे का?

बहुतेक नाही. वीज वाचवण्यासाठी काही तास रिमोट दाबला गेला नाही तर बंद व्हायची सोय बऱ्याच टीव्हींत असते. अनेकांत ती चार तासांवर असते. सेटिंगमध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ’, स्लीप टायमर आणि इको मोड, तिन्ही तपासा. वॉरंटी कार्डही वाचा. घरगुती मॉडेल धंद्याच्या जागी लावलं तर वॉरंटी नाही, असं बऱ्याचदा बारीक अक्षरात असतं. दिवसाचे १२-१४ तास चालवायचा असेल तर कमर्शियल डिस्प्ले, म्हणजे धंद्याच्या जागेसाठीच बनवलेला पडदा, महाग पडला तरी तोच घ्या.

प्रश्न : घरच्या ओटीटीवर गिऱ्हाइकांना मॅच दाखवली तर चालेल?

नाही. ते सबस्क्रिप्शन खासगी वापरापुरतं असतं. केबल किंवा डीटीएचवाल्याकडे कमर्शियल कनेक्शन मागा. गाणी लावायची असतील तर त्यांचा परवाना वेगळा.