महाल-इतवारीच्या भागातून लाइट मेट्रो नेली तर मार्ग कुठून आणि स्टेशनं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या जुन्या भागातून, म्हणजे महाल, इतवारी, गणेशपेठ या बाजूने, लाइट मेट्रो (मेट्रोपेक्षा लहान, ट्रामसारखी गाडी) न्यायची झाली तर ती रुंद रस्त्यावरून कडेकडेने न्यावी की वस्तीच्या आतून? आणि स्टेशनांच्या जागा कशावरून ठरवाव्यात?

मी महालातच वाढले आणि रस्त्यांच्या सर्व्हेचं काम करते. माझं मत स्पष्ट आहे. रस्त्याची रुंदी शेवटी बघायची. आधी स्टेशनं ठरवायची आणि ती जोडत जाईल तिथून मार्ग न्यायचा. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. नकाशावर रुंद रस्ता दिसतो, त्यावर रेघ ओढली जाते आणि मग त्या रेघेवर साधारण किलोमीटरमागे एक स्टेशन बसवलं जातं.

नागपूर मेट्रोच्या अॅक्वा लाइनचा पूर्वेकडचा भाग बघा. सीए रोड (सेंट्रल अॅव्हेन्यू) रुंद आणि सरळ, त्यामुळे कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी असं करत मार्ग प्रजापती नगरला पोचला. 11 डिसेंबर 2022 ला तो सुरू झाला. मेयो हॉस्पिटलला त्याचा चांगला उपयोग झाला. पण सीए रोडच्या दक्षिणेला जे खरं जुनं नागपूर आहे, ते या लाइनच्या नुसत्या काठावर राहिलं. सराफा ओळीतला माणूस किंवा बडकस चौकात राहणारी बाई मे महिन्यात भर दुपारी सीए रोडपर्यंत चालत जात नाही, ती दारातूनच ऑटो करते. पाचशे मीटर, आठशे मीटर अशी चालण्याची अंतरं पुस्तकात दिलेली असतात. ती आपल्या पंचेचाळीस डिग्रीत टिकत नाहीत. नागपुरात मी चारशे मीटरच धरीन, आणि तेही वाटेत सावली आणि धड फुटपाथ असेल तरच.

म्हणजे मार्ग आतून न्यायचा का? महाल आणि इतवारीच्या बाबतीत मी नाही म्हणेन. तिथल्या गल्ल्यांवर माझं प्रेम आहे म्हणूनच. मेट्रोला वळायला साधारण सव्वाशे मीटर त्रिज्या लागते. लाइट मेट्रो जमिनीवरून धावत असेल तर पंचवीस मीटरमध्येही वळते, त्यामुळे कागदावर ती बडकस चौकातही बसवता येते. पण बसवायची म्हणजे वाडे घ्यावे लागणार. जुन्या वाड्याची आखीव पत्रिका, म्हणजे मालकीची सरकारी नोंद, काढून बघा. त्यावर अजून पणजोबांचं नाव असतं, वारस पुण्या-मुंबईला पांगलेले असतात आणि खाली दोन पिढ्यांचे पगडीचे भाडेकरू बसलेले असतात. असं एक प्रकरण मिटायला वर्षं जातात. केळीबाग रोडच्या रुंदीकरणाचं भिजत घोंगडं किती काळ पडून राहिलं, हे महालातल्या कोणालाही विचारा.

इतवारीत आणखी एक गोष्ट आहे. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका नेहरू पुतळ्याजवळ भेटतात, मागे बडगे (छोटे पुतळे) असतात आणि माणसांचा पूर लोटतो. ही मिरवणूक 1880 च्या दशकापासून चालत आलेली आहे. तिच्या डोक्यावर विजेच्या तारा टांगायच्या नाहीत, एवढं पथ्य मार्ग आखणाऱ्याने पाळलंच पाहिजे. विनातारेची ट्रामही असते. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात 2003 पासून शहराच्या मध्यभागी दोन रुळांमध्ये जमिनीत बसवलेल्या तिसऱ्या रुळातून वीज मिळते. पण ती व्यवस्था महाग पडते, आणि हमाल, हातगाड्या, लोडिंग रिक्षा यांनी दिवसभर भरलेल्या ओळींमध्ये गाडी मोकळी धावणारही नाही. ट्राम आणि मोटारी एकाच लेनमध्ये असल्या की ट्राम गर्दीतच अडकते, हे कोलकात्याने दाखवलं आहे.

मग स्टेशनं कुठे? मी तीन गोष्टी बघते. लोक आत्ता पायी किंवा शेअर ऑटोने कुठून कुठे जातात, त्यांतले कोण जिना चढू शकत नाहीत आणि तिथे सरकारी मोकळी जागा आहे का.

पहिल्या दोन्ही गोष्टींचं उत्तर मला एकाच ठिकाणी मिळतं: गणेशपेठचा एसटी स्टँड ते मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. सकाळी स्टँडच्या बाहेर उभं राहून बघा. भंडारा, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाटकडून आलेली माणसं उतरत असतात. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, पिशवीत डबा, एक म्हातारं माणूस आणि त्याला धरून चालणारा मुलगा किंवा सून. बाहेर ऑटोवाले "मेडिकल, मेडिकल" ओरडतच असतात. ओपीडीची चिठ्ठी वेळेत निघाली नाही तर त्यांचा दिवस वाया जातो, कधी मुक्काम पडतो. एवढी मोठी आणि रोजची ये-जा असताना सध्याच्या दोन्हीपैकी एकही लाइन मेडिकलला जात नाही. ऑरेंज लाइनचं अजनी चौक स्टेशन वर्धा रोडवर आहे, रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे. नकाशावर ते जवळ वाटतं, आजारी माणसाला घेऊन चालणाऱ्याला नाही.

म्हणून माझा मार्ग असा असेल: कॉटन मार्केटच्या मेट्रो स्टेशनापासून सुभाष रोडने रमण विज्ञान केंद्र आणि गांधीसागर, आग्यारामदेवी चौक, एसटी स्टँड, बैद्यनाथ चौक, उंटखाना, मेडिकल, क्रीडा चौक, तुकडोजी पुतळा आणि शेवटी रिंग रोडवर मानेवाडा चौक. तुकडोजी पुतळ्याजवळ कॅन्सर हॉस्पिटल आहे, तेव्हा या एकाच मार्गावर रुग्णांची दोन मोठी ठिकाणं येतात. मानेवाड्याकडची दाट वस्ती आज बर्डीला (सीताबर्डीला) यायला पूर्णपणे दुचाकी, ऑटो आणि बसवर आहे, तिचीही सोय होते.

महालासाठी गांधीसागरचं स्टेशन महत्त्वाचं. तिथून तळ्याच्या काठाने टिळक पुतळा आणि पुढे गांधी गेटपर्यंत झाडांच्या सावलीचा, सलग, दुचाक्या न लावलेला फुटपाथ हवा. हा फुटपाथ स्टेशनच्याच खर्चात धरायचा, "नंतर महापालिका करेल" असं म्हणायचं नाही. असं झालं तर महालाच्या आत एकही वाडा न पाडता महालाला स्टेशन मिळतं. इतवारीला मात्र या मार्गाचा फार फायदा नाही, हे मान्य. तिच्यासाठी अग्रसेन चौक आणि चितार ओळीच्या स्टेशनांपासून आत येणारे रस्ते चालण्याजोगे करणं हाच उपाय मला दिसतो.

अशोक चौकाकडून का नाही, असं कोणी विचारेल. तिथे इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाने रस्त्याचा मधला भाग आधीच घेतला आहे. 2025 मध्ये तिथल्याच एका घराच्या गॅलरीला उड्डाणपूल भिडल्याचे फोटो देशभर फिरले होते. जुन्या चौकात वळण बसवायला इंच इंच कसा लढवावा लागतो, ते त्या फोटोत दिसतं. शिवाय आज उभारलेला पूल उद्याची वाट अडवतो. वर्धा रोडवरचा छत्रपती चौकाचा उड्डाणपूल मेट्रोसाठी पाडावा लागला, हे आपण पाहिलं आहे.

आता उंचावरून की जमिनीवरून? उंचावरून नेली तर मेट्रोच झाली, मग लाइट कशाला? लो-फ्लोअर गाडीला जेमतेम फूटभर उंचीचा प्लॅटफॉर्म पुरतो, म्हणजे थोडा उचललेला फुटपाथ आणि दोन टोकांना उतार. लिफ्ट बंद पडण्याची भीती नाही, जिना नाही, व्हीलचेअर सरळ आत. मेडिकलच्या स्टेशनासाठी हा मुद्दा मी कशाच्याही बदल्यात सोडणार नाही. आणि ते स्टेशन चौकात नको, ओपीडीच्या फाटकासमोर हवं.

दोन अडचणी खऱ्या आहेत. केंद्राने 2019 मध्ये मेट्रोलाइटची, म्हणजे लाइट मेट्रोची, जी मानकं काढली, त्यांत रूळ जमिनीवर पण स्वतंत्र पट्ट्यात आणि कडेला कुंपण अशी कल्पना आहे. उंटखान्यासारख्या ठिकाणी सलग कुंपण घातलं तर अर्धी वस्ती अलीकडे आणि शाळा-दुकानं पलीकडे राहतील. तिथे कुंपण काढून गाडीचा वेग कमी ठेवावा आणि दर दीड-दोनशे मीटरवर रस्ता ओलांडायला जागा द्यावी. दुसरी अडचण पाण्याची. या पट्ट्यात नाग नदी ओलांडावी लागते, आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात मोरभवन बस स्टँडच्या बस कशा पाण्यात उभ्या होत्या ते सगळ्यांना आठवत असेल. रुळांची पातळी त्या दिवशीच्या पाण्याच्या खुणांवरून ठरवायला हवी. त्या खुणा आजूबाजूच्या दुकानदारांनाच नीट माहीत आहेत. सर्व्हेला जाल तेव्हा आधी त्यांना विचारा.

दुकानदारांचं नाव निघालंच आहे तर, त्यांचा विरोध होणार हे धरून चला, कारण खोदकामाची दोन वर्षं छोट्या दुकानाला बुडवू शकतात. जुन्या भागात गडर (सांडपाणी) आणि पाण्याच्या लाइनचे नकाशे जमिनीखालच्या परिस्थितीशी जुळत नाहीत, त्यामुळे काम लांबतं ते तिथेच. डीपीआरच्या, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाच्या, आधी दर चौकात ट्रायल पिट (तपासणीचे खड्डे) खणून घ्यायला लावा, आणि काम एका वेळी एकाच चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, असं करारात लिहून घ्या. सुरुवात बैद्यनाथ चौकापासून करा. सगळ्यात अवघड वळण तिथलं आहे, आणि ते बसत नसेल तर बाकीचा नकाशा पुन्हा काढावा लागेल.