स्तोत्र वाचायला पाळकसाहेब कशाला हवेत?

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातली साडेतीन पाने पाळकसाहेबांवर, म्हणजे तुमच्या चर्चच्या धर्मगुरूंवर, खर्ची पडली आहेत. दोन वर्षांपूर्वी आलेले हे तरुण पाळक कुटुंबभेटीला येत नाहीत, आधीचे पाळक सायकलवरून घरोघरी जाऊन प्रार्थना करीत, आणि तुमची ब्याऐंशी वर्षांची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली असताना हे फक्त दोनदा फिरकले, अशी तुमची तक्रार आहे. त्यांची बदली करावी म्हणून बिशपसाहेबांना द्यायच्या अर्जावर तुम्ही, चर्चच्या मंडळीचे पंच या नात्याने, सह्या गोळा केल्या आहेत आणि तो पाठवणे पाप ठरेल का, असे मला विचारता.

पाप-पुण्याचे नंतर पाहू. तिसऱ्या पानावर तुम्ही बायबलमधल्या स्तोत्रांविषयी सहज एक वाक्य लिहून पुढे गेला आहात: ‘आई रोज संध्याकाळी स्तोत्र वाच म्हणते, मी सांगतो साहेब आले की वाचतील.’ मला राग आला तो या वाक्याचा. वर्षभर रोज एक म्हातारी बाई पोटच्या मुलाकडे काहीतरी मागते आणि तो तिला दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायला सांगतो.

तुमची मंडळी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चची. तिच्या शिस्तीप्रमाणे प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देण्याचा, विधी दीक्षा मिळालेल्या पाळकानेच चालवायचा असतो, आणि आईला घरी प्रभुभोजन मिळावे ही तुमची अपेक्षा अगदी रास्त आहे. परंतु त्यासाठी तुम्ही पाळकसाहेबांना एकदा तरी फोन केला होता का, याविषयी पत्रात अवाक्षर नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, बोलावणे पाठवावे, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. न बोलावता ते ओळखून येतील, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. शिवाय या एका माणसाकडे तुमच्यासह चार गावांच्या मंडळ्या आहेत, हेही तुम्हीच पहिल्या पानावर लिहिले आहे.

राहिले स्तोत्र. ते वाचायला कुठली दीक्षा लागते? बाप्तिस्मा झालेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस याजक, म्हणजे पुरोहित, आहे, असे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांनी 1520 मध्ये लिहिले. पाळक कशासाठी दिले, हे सांगताना इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय म्हणतो की, पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करण्यासाठी. म्हणजे सेवा करायची ती तुम्ही. पाळकांनी तुम्हाला तिच्यासाठी तयार करायचे. आपण मात्र पाळकाला पगार देतो आणि त्याबरोबर आपल्या वाटची भक्तीही त्याच्या गळ्यात घालून मोकळे होतो. तुमच्याच जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये काम सुरू केले, त्यानंतर कित्येक वर्षे खेड्यांतल्या मंडळ्यांना दीक्षित पाळक क्वचितच दिसे. उपासना चालवीत ते शाळेचे मास्तर, आणि घरोघरी जाऊन वचन वाचून दाखवीत त्या बायबलबाया. तुमच्या आईच्या आईने कदाचित त्यांच्याच तोंडून ऐकले असेल.

पाळकसाहेबांची वकिली मी करीत नाही. वर्षात दोन भेटी कमीच आहेत, आणि पंच म्हणून तुम्ही हे त्यांना समोर बसवून सांगू शकला असता. सह्यांसाठी दारोदार फिरायला तुम्हाला वेळ मिळाला, हे मला विसरता येत नाही.

तेव्हा आज दिवेलागणीला चष्मा लावा, आईच्या खाटेशी स्टूल ओढून बसा आणि 121वे स्तोत्र मोठ्याने वाचा. आठच वचने आहेत, दोन मिनिटेही लागणार नाहीत. वाचताना अडखळलात तरी चालेल. तिला बहुधा पाठ असेल आणि ती तुम्हाला सावरून घेईल. उद्या तिला हवे ते स्तोत्र विचारा आणि तेही वाचा. महिनाभर हे चालू ठेवल्यानंतरही अर्ज पाठवावासा वाटला, तर खुशाल पाठवा, परंतु ‘पाळकसाहेबांमुळे माझी आई देवाच्या वचनाला पारखी झाली’ हे त्यातले वाक्य आधी स्वतःच्या हाताने खोडा.