वाचकांचे प्रश्न : दोन दिवस चिखलदऱ्याला

प्रश्न : आम्ही पुण्याचे, दोघं आणि दोन मुलं. लोणावळा महाबळेश्वरची गर्दी आता नको वाटते. कुणीतरी विदर्भातलं चिखलदरा सुचवलं. शनिवार रविवारात होईल का आणि कधी जावं? एका ओळखीच्यांनी सांगितलं की ते एप्रिलमध्ये गेले तर सगळं जंगल वाळलेलं, काहीच नव्हतं.

होईल, पण ओढून ताणून. पुण्याहून नागपूरकडे जाणारी शुक्रवार रात्रीची गाडी पकडा, बडनेऱ्याला उतरा, तिथून अमरावती, मग परतवाडा, आणि परतवाड्याहून वर घाट चढायचा. माझं मत विचाराल तर एखादी सुट्टी जोडून सोमवार मोकळा करा, कारण दोन दिवसांतला अर्धा वेळ गाडीत गेला तर मुलं कंटाळतात आणि मग जागेलाच नावं ठेवली जातात, जे चिखलदऱ्याच्या बाबतीत मला खरंच वाईट वाटतं.

आता एप्रिलचं. तुमचे ओळखीचे खोटं बोलत नाहीयेत. महाबळेश्वरचं जंगल सदाहरित, बाराही महिने हिरवं, आणि आपल्या डोक्यात हिल स्टेशन म्हणजे तेच चित्र बसलेलं असतं. चिखलदरा आहे मेळघाटात, आणि मेळघाट म्हणजे सातपुड्याचं पानगळीचं जंगल, साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि मधेमधे बांबू. उन्हाळा लागला की साग पानं टाकतो कारण पाणी वाचवायचं असतं, म्हणजे ते जंगल मेलेलं नसतं, ते तसंच जगतं. त्याच दिवसांत पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि इथल्या कोरकू आदिवासी बायका टोपल्या घेऊन वेचायला येतात, तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पण मुलांना हिरवं बघायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर. धबधबे, धुकं, ढग रस्त्यावर उतरलेले. ऑक्टोबर नोव्हेंबर माझ्या स्वतःच्या आवडीचा, आभाळ स्वच्छ आणि गवत अजून हिरवं. डिसेंबर जानेवारीत थंडी चांगलीच कडक असते, स्वेटर नाही तर जाड जॅकेट लागतं.

आणि उन्हाळ्यात थंडगार मिळेल या आशेनं जाऊ नका. साधा हिशोब आहे, हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण 6 अंश उतरतं. अमरावती साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा 1100 च्या थोडं वर, म्हणजे फरक पाचेक अंशांचा. खाली 44 असेल तर वर दुपारी 38-39 असणारच. संध्याकाळ मात्र सुखाची जाते, म्हणून तर आम्हा विदर्भातल्या लोकांना ते इतकं प्रिय, आमच्याकडे दुसरं हिल स्टेशन आहे कुठे!

एक गोष्ट मनापासून सांगते. पॉइंटांची यादी घेऊन जाऊ नका. देवी पॉइंट, मोझरी, हरिकेन, पंचबोल, भीमकुंड, सगळं एका दिवसात टॅक्सीनं उरकता येतं आणि लोक तेच करतात, उतरायचं, फोटो, चढायचं. त्यापेक्षा दोनच निवडा. भीमकुंड एक, भीमानं कीचकाला मारून या दरीत टाकलं आणि इथे हात धुतले अशी कथा आहे, कीचकाचा दरा म्हणून चिखलदरा असं सगळे सांगतात. आणि पंचबोल, तिथे दरीकडे तोंड करून हाक मारली की आवाज परत परत येतो, मुलं अर्धा तास हलत नाहीत. उरलेला वेळ सकाळी सहाला उठून नुसतं रस्त्यानं चाला. गावातली रबडी आणि खवा खा, ते चुकवू नका.

प्रश्न : नागपूरहून मित्रांसोबत बाइकवर येतोय. वाघ दिसेल का? आणि रात्री घाटातून राइड करायची इच्छा आहे.

वाघासाठी येत असाल तर ताडोबाला जा, तुम्ही नागपूरचे आहात, ते जवळही पडेल. मेळघाट हा 1973 साली प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या 9 प्रकल्पांपैकी एक, वाघ आहेत, पण इथे जमीन सपाट नाही. घाटांचा मेळ तो मेळघाट, डोंगर, खोल नाले, दाट बांबू, त्यामुळे वाघ 20 फुटांवरून निघून गेला तरी कळत नाही. गवे, अस्वल, सांबर, भेकर यांची शक्यता धरा. पक्ष्यांची आवड असलेला कुणी सोबत असेल तर रानपिंगळा शोधा, हा छोटासा घुबड 1884 नंतर कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि 1997 मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला, नंतर मेळघाटातही. मला तरी हे वाघापेक्षा मोठं वाटतं. सेमाडोहला मुक्काम करून जंगल बघता येतं, पावसाळ्यात कोअर भागातली सफारी साधारण बंद असते, म्हणून आधी वनविभागाकडे विचारून बुकिंग करा.

रात्रीची राइड नको, अजिबात नको. मी एकदा ऑगस्टमध्ये परतवाड्यात जेवत बसले आणि उशीर झाला, घाट चढायला लागलो तेव्हा अंधार पडलेला, धुकं असं की बोनेटच्या पुढचं दिसेना, एका वळणावर रस्त्याच्या मधोमध सांबराची मादी पिल्लासकट उभी, आम्ही हळू होतो म्हणून वाचली ती आणि आम्ही पण. ते जनावरांचं घर आहे हो, रस्ता आपण नंतर काढला. दुपारी चारच्या आत घाट चढा. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच भरून घ्या, जंगलात नेटवर्क जातं.

प्रश्न : आई 70 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. गाविलगड झेपेल का? तिला इतिहासाची फार आवड आहे.

न्या त्यांना, नक्की न्या. चिखलदऱ्याहून किल्ल्याजवळ गाडी जाते आणि उत्तरेकडून डोंगर किल्ल्याला जोडलेला आहे, त्यामुळे सिंहगडासारखी चढण नाही. आत पसारा मोठा आणि वाट खडबडीत, पावसाळ्यात दगड शेवाळलेले, म्हणून हिवाळ्यात न्या, काठी द्या आणि पूर्ण बघायचा हट्ट नको. शार्दूल दरवाजापर्यंत गेल्या तरी पुष्कळ, त्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी बघण्यासारखा आहे.

आणि तिथे उभं राहून त्यांना 1803 ची गोष्ट सांगा. दक्षिणेचा कडा इतका उभा की तिकडून येणं अशक्य, म्हणून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तोफा डोंगरातून ओढत फिरवून उत्तरेला आणल्या, रस्ता करत करत, दिवसच्या दिवस. 15 डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वऱ्हाड हातचं गेलं. हे वाचून माहीत असलं तरी त्या तटावर उभं राहून ऐकताना घसा दाटतो.

प्रश्न : चिखलदऱ्याला कॉफी पिकते म्हणे, खरं का?

खरं आहे. इंग्रजांच्या काळात लावलेली, झाडं अजून आहेत. पंचबोलच्या बाजूला सावलीत दिसतील, फळं तोडू नका.