एक वाट, एक लेन्स, छत्तीस फ्रेम

प्रिय,

अ. उ. आशीर्वाद.

पहिला रोल घेऊन कुठे जावं, असं तू विचारलंयस. जागेचं सांगतेच, पण तुझ्या हाती आलेला पेंटॅक्स के-१००० हा जुना फिल्म कॅमेरा कपाटातून निघाला आहे, तेव्हा आधी त्याच्याकडे बघू. मुंबईच्या कपाटात पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या कॅमेऱ्यात तपासल्याशिवाय रोल भरायचा नसतो.

मागचं झाकण उघड. झाकण बसतं त्या खाचेत आणि बिजागरीपाशी काळा स्पंज असतो. तो बोटाला डांबरासारखा चिकटला तर संपला समज. तिथून उजेड आत शिरतो आणि निगेटिव्हच्या कडेला काळे ओघळ उमटतात, प्रिंटमध्ये तेच पांढरे दिसतात. मग लेन्स काढ, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघड आणि मागून मोबाइलचा टॉर्च मार. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती फंगस. कडेला थोडीशी असेल तर फोटोवर फार परिणाम होत नाही, मधोमध असेल तर उजेडाकडचे फोटो धुरकट येतात. शेवटी शटर. एक सेकंदावर लावून दाब आणि घड्याळाशी ताडून बघ. दीड-दोन सेकंद लागत असतील तर आतलं ग्रीस सुकलं आहे. मग १/१००० लावून, लेन्सशिवाय, उजेडाकडे धरून मागून बघत दाब. पूर्ण चौकट क्षणभर उजळली पाहिजे. एका बाजूला काळी पट्टी राहिली तर पडदा अडकतोय. यातलं काही निघालं तर फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास विचारत फीर, जुने मेकॅनिकल कॅमेरे उघडणारे हात अजून आहेत. स्वतः स्क्रू ड्रायव्हर लावू नको.

या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बंद करायला बटण नाही. लेन्सवर उजेड पडत असेल तोवर तो चालू, म्हणून वापर नसताना टोपी लावायचीच, नाहीतर एलआर ४४ सेल गुपचूप संपतो. सेल संपला तरी शटर मात्र चालतं, सगळं यंत्र स्प्रिंगवर आहे. घरी कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नको, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की ते भाजून पुन्हा वापरायचे.

आता फिल्म. पहिले दहा रोल एकाच फिल्मचे, ब्लॅक अँड व्हाइट, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ४००: एचपी ५ प्लस घे, किंवा हात आखडायचा असेल तर केंटमिअर ४००. एकेकाळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल मिळायचे. आता सगळी फिल्म बाहेरून येते आणि प्रत्येक फ्रेमला पैसे मोजावे लागतात, म्हणूनच फिल्म बदलत बसणं परवडत नाही. दर वेळी नवा रोल वापरलास तर फोटो बिघडला तो फिल्ममुळे, उजेडामुळे की तुझ्यामुळे, हे कधीच कळणार नाही. फ्रिजमध्ये ठेवलेला रोल डबीतून लगेच काढू नको. डबी बंद ठेवूनच तास-दीड तास बाहेर राहू दे, नाहीतर दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं.

रोल भरताना सर्वांत जास्त घोळ होतो तो एकाच ठिकाणी: फिल्मचं टोक उजवीकडच्या स्पूलच्या फटीत नीट अडकत नाही. तू छत्तीस वेळा लीव्हर ओढतोस, फोटो निघताहेत असा आभास होतो आणि फिल्म जागची हललेलीच नसते. खूण सोपी आहे. झाकण लावल्यावर डावीकडची रिवाइंडची दांडी हलकेच फिरवून सैल फिल्म ताणून घे. मग लीव्हर ओढताना ती दांडी उलटी फिरली पाहिजे. दर रोलला हे बघ, अगदी शंभराव्या रोललासुद्धा.

आता वाट. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाणारा रस्ता उत्तम, पण सोमवारी उद्यान बंद असतं आणि शिलोंढ्याच्या वाटेला आधी परवानगी लागते. सायन-धारावीजवळ मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं ३७ एकरांचं रान. सुरुवातीला मी तेच सुचवीन, कारण ते लहान आहे. जागा कुठलीही घे, पण पहिले तीन महिने तीच वाट, शक्यतो तीच वेळ, आणि फक्त ५० मिलिमीटरची लेन्स. झाडं ओळखीची झाली की नजर त्यांच्यावरच्या उजेडाकडे वळते, आणि तुला शिकायचा आहे तो उजेडच.

या रोलवर भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद, हा पाया. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. पातळ ढगांमुळे सावल्या पुसट झाल्या तर एफ ११, सावल्या दिसेनाशा झाल्या तर एफ ८, आभाळ पूर्ण भरलं तर एफ ५.६. झाडांच्या छताखाली शिरलं की आपले डोळे लगेच सरावतात आणि उजेड फार कमी झाला असं वाटतच नाही. प्रत्यक्षात साधारण पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) गेलेले असतात, म्हणजे एफ ५.६ आणि १/१२५. पावसाळ्यात दाट पानांखाली सात स्टॉपही जातात: एफ २.८, १/१२५. १/६० च्या खाली हातात धरून काढू नको, फोटो हलतो. निघण्यापूर्वी मीटर न बघता अंदाज वहीत लिही, मग मीटरशी ताड. तिसऱ्या-चौथ्या रोलला अंदाज एका स्टॉपच्या आत येऊ लागेल.

मीटर का लागतो हे कळलं तसं तो का फसतो हेही कळायला हवं. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे, असं तो धरून चालतो. रानात पानांच्या फटींतून पांढरं आभाळ चमकत असतं. मीटरला तेच दिसतं, तो काटा खाली आणायला लावतो आणि खोडं काळी ठिक्कर पडतात. नवशिक्याचे निम्मे रोल इथेच वाया जातात. उपाय दोन. एक, ज्याचा फोटो घ्यायचा त्याच्यावर पडतोय त्याच उजेडात तळहात धर, लेन्स भरून त्यावर मीटर घे आणि एक स्टॉप जास्त दे. तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो, कातडीचा रंग कुठलाही असो. दुसरा उपाय: सावलीतल्या ज्या खोडाची साल दिसायलाच हवी, तिच्याजवळ जाऊन फक्त तिच्यावर मीटर घे आणि दोन स्टॉप कमी कर. साल गडद येईल, पण तिच्या भेगा राहतील. कुठलाच हिशेब जमेना तर एक स्टॉप जास्तच दे. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पोटात घेते. सावलीत जे उमटलंच नाही, ते नंतर कुठल्याच उपायाने आणता येत नाही.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आणखी एक कोडं आहे, आणि ते मुंबईत दर मे महिन्यात डोक्यावर फुललेलं असतं. गुलमोहराचा लाल आणि पानांचा हिरवा डोळ्यांना एकमेकांच्या उलट दिसतात, फिल्मवर मात्र दोन्ही जवळपास एकाच राखाडीत मिसळतात. फुलं गायब! नारिंगी फिल्टर लावलास तर फुलं उजळतात आणि पानं गडद होतात. हिरवा लावलास तर उलट. नारिंगी फिल्टर साधारण दोन स्टॉप उजेड खातो, मीटर लेन्समधूनच बघत असल्यामुळे तो हिशेब बहुतेक आपोआप होतो. पांगारा आणि सावरीचं तसं नाही. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, तेव्हा आभाळ मागे घेऊन फुलांचा आकार पकड, फिल्टरची गरज नाही. फुलाच्या जवळ जाताना मात्र सावध. ही लेन्स ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येते, पण तेवढ्यावर एफ ४ ला जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाडीचा भाग स्पष्ट राहतो. फोकसची रिंग तिथे सोड आणि स्वतः किंचित पुढेमागे हो. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायची सवय कर.

शिवडीला फ्लेमिंगो बघायला जरूर जा, भरतीच्या वेळा बघून, पाणी चढत असताना. मात्र शंभर मीटरवरचा फ्लेमिंगो या लेन्सने निगेटिव्हवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा येतो. तेव्हा पक्षी डोळ्यांनी बघ आणि फिल्म तिवरांसाठी ठेव: चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली श्वसनमुळं, ओहोटीने कोरलेल्या नाळा, सकाळचं तिरपं ऊन. ओला चिखल आरशासारखा चमकतो आणि मीटरला पुन्हा फसवतो. तिथेही तळहात.

राष्ट्रीय उद्यानात डांबरी रस्ता सोडू नको, आणि संध्याकाळी उकिडवं बसून झुडपातले फोटो घेत बसू नको. बिबट्याच्या घरात आहोत हे लक्षात असू दे. तिथली कारवी २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पुढचा बहर २०३२ च्या सुमारास येईल. तिच्या नुसत्या दांड्यांचे, पानांचे, पावसातल्या हिरव्या भिंतीचे फोटो आत्तापासून घेऊन ठेवलेस तर मधली वर्षंही तुझ्याकडे असतील.

रोल काढून संपला की तो लवकर धू, म्हणजे डेव्हलप कर. एक्स्पोज झालेली फिल्म उकाड्यात महिनोन्‌महिने पडून राहिली तर प्रतिमा फिकटते. घरी धुणं अवघड नाही, अडचण पाण्याच्या तापमानाची आहे. एचपी ५ साठी डी-७६ हा डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं रसायन) एकास एक पाण्यात, २० अंशांना ११ मिनिटं, असं कोष्टक सांगतं. आपल्या नळाला बहुतेक वर्ष २० अंशांचं पाणी नसतं. बर्फ घालून २० वर आणण्याच्या खटपटीत धुता धुता ते पुन्हा चढतं. त्यापेक्षा २४ अंश धर आणि वेळ पावणेआठ मिनिटांच्या आसपास घे. डेव्हलपर, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारं रसायन), धुण्याचं पाणी, सगळ्यांच्या बाटल्या एकाच बादलीत ठेवून एकाच तापमानावर आण, बर्फ बादलीतल्या पाण्यात टाक, रसायनात नाही. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली तर फिल्मवर असमान डाग येऊ शकतात, म्हणून त्याहून गरम नको. फिल्म धुण्याच्या पॅटरसनच्या टाकीत एका रोलला २९० मिलिलिटर लागतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात सतत आणि नंतर दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीपालटी कर, आणि प्रत्येक वेळी खाली ठोक, म्हणजे बुडबुडे सुटतील. फिक्सरमध्ये किती वेळ, हे फिल्मचा कापलेला तुकडा सांगेल: तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट.

उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून टाकीच्या रिळावर फिल्म चढवताना मुंबईत हातांना घाम फुटतो, पिशवीत दमटपणा होतो आणि प्लास्टिकच्या रिळात फिल्म मध्येच अडते. जोर लावलास तर ती दुमडते आणि चंद्रकोरीसारखे डाग पडतात. ते काम पहाटे, पंख्याखाली कर. रीळ पूर्ण कोरडं हवं. अडलंच तर फिल्म आणि रीळ टाकीत ठेव, झाकण लाव, हात बाहेर काढून पुसून घे आणि मग पुन्हा हात घाल.

रोल वाळला की मला स्कॅन पाठवू नको. स्कॅनर आपल्या मनाने उजेड कमीजास्त करून चुका झाकतो. निगेटिव्ह उजेडावर धरून कडेची छापील अक्षरं बघ. ती ठसठशीत काळी असतील आणि सावलीच्या जागा कोऱ्या काचेसारख्या असतील, तर धुणं बरोबर झालं, उजेड कमी पडला. अक्षरंही फिकी असतील तर धुण्यात कमी पडलं. प्रत्येक फ्रेमसमोर वहीत तसं लिही, आणि रविवारी येताना निगेटिव्ह आणि वही दोन्ही घेऊन ये.

तुझी,
मावशी