परमिट रूम, गुत्ता आणि शेजारचं उपनगर

प्रश्न मजेशीर आहे, म्हणून आधी तोच सांगतो. प्रश्नकर्ते डोंबिवलीचे. त्यांच्या ठाणेकर मित्राचं म्हणणं असं की बार असतात ठाण्यात. डोंबिवलीत असतात ते गुत्ते. यांनी प्रतिवाद केला की आमच्या नाक्यावरच्या पाटीवर ढळढळीत अक्षरांत 'परमिट रूम' लिहिलंय. भांडण मिटलं नाही, पण त्यातून शंका निघाली: बार, परमिट रूम, गुत्ता आणि पब यांत नेमका फरक काय? आणि परमिट रूममध्ये परमिट कोण कुणाला दाखवतं?

मी कल्याणचा. म्हणजे ठाणेकर आणि डोंबिवलीकर या दोघांनाही न आवडणारा पंच. तरी प्रयत्न करतो.

आधी परमिट. 'मुंबई दारूबंदी अधिनियम' १९४९ सालचा. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते, आणि या विषयावर त्यांच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. १९५० पासून बंदी राज्यभर लागू झाली. पण कायद्यातच एक फट ठेवलेली होती, ती परवान्याची. परदेशी पाहुणे आणि डॉक्टरांच्या मते ज्यांचं दारूवाचून चालणार नाही असे लोक, यांना परवान्यावर मोजकी दारू मिळे. परवान्यात हेतूही नोंदलेला असे: आरोग्याचं जतन करण्यासाठी. (हल्लीच्या बाटलीवर बरोबर उलटा मजकूर असतो. दोन्ही सरकारीच.) आता अशा परवानाधारकाला हॉटेलात दारू द्यायची, तर ती कुठल्याही टेबलावर देता येत नसे. शेजारी कुणी इडली-सांबार खात असायचा. म्हणून वेगळी खोली राखायची. ती परमिट रूम.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली. कायदा मात्र गेला नाही. आता तो 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' या नावाने नांदतो आणि त्याच्याच आधाराने राज्यभर दारू विकली जाते, यातली गंमत ज्याने त्याने समजून घ्यावी. कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. एका दिवसाच्या परवान्याची फी देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच. 'विदेशी' म्हणजे बाहेरून आलेली नव्हे बरं. इथेच गाळून इथेच बाटलीत भरलेल्या व्हिस्कीला सरकार 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' म्हणतं. असा शब्द एखाद्या कवीला सुचला असता तर त्याचं कौतुक झालं असतं.

तर तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर: नियमाने गिऱ्हाइकाने बारवाल्याला परवाना दाखवायचा. व्यवहारात बारवालाच गिऱ्हाइकांच्या वतीने एकदिवसीय परवान्यांचा हिशेब ठेवतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. खोली गेली, भिंत गेली, परमिट विचारणारा गेला. पाटी तेवढी राहिली. पाटीवर तिच्या शेजारी पुष्कळदा 'फॅमिली रूम' असते. तिचा अर्थ एवढाच की बायकामुलांना घेऊन जेवायला आलात तर पलीकडचं दिसणार नाही.

आता गुत्ता, आणि इथे ठाणेकर मित्राला जरा बसवून सांगावं लागेल. गुत्ता म्हणजे मूळात मक्ता, कंत्राट. कन्नडमध्ये कंत्राटाला 'गुत्तिगे' म्हणतात. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणारा आजही 'गुत्तेदार' असतो, आणि त्याचा दारूशी संबंध असलाच तर तो वैयक्तिक असतो. आबकारीच्या जमान्यात अमुक भागात दारू विकायचा हक्क सरकार मक्त्याने देई; तो हक्क म्हणजे गुत्ता. पुढे हक्काचं नाव दुकानाला चिकटलं. हिंदीत 'ठेका' शब्दाचंही हेच झालं. ठेका म्हणजे कंत्राट, आणि 'ठेके पे जाना' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे मित्राने हिणवायला वापरलेला शब्द मुळात सरकारमान्य, रीतसर पैसे भरून चालवलेल्या दुकानाचा आहे. त्या हिशेबाने ठाण्यातला काचेचा दरवाजा आणि थंडगार हवा असलेला बारसुद्धा गुत्ताच. बेकायदा असतो तो अड्डा. बंदीच्या वर्षांत मुंबईत हे अड्डे घराघरांत चालत. वांद्र्यापासून धोबीतलावापर्यंत अनेक ठिकाणी ते ख्रिस्ती बायका चालवत, आणि त्यावरून 'आंटी' या साध्या नात्याच्या शब्दाला मुंबईत एक जादा अर्थ मिळाला. त्याच काळाने 'हातभट्टी' घरोघर पोचवली. 'पहिल्या धारेची' हा शब्दही भट्टीचाच. गाळताना सुरुवातीला जी धार येते ती सर्वांत कडक, म्हणून ती पहिली. आज दारूचा थेंबही न चाखलेली माणसं 'पहिल्या धारेचा विनोद' म्हणतात, आणि भट्टीचं काम आपल्याला कसं ठाऊक हे त्यांना कुणी विचारत नाही.

माझं मत असं की या शब्दांमधला खरा फरक दुकानात नाहीच, तो बोलणाऱ्यात आहे. आपण बसतो तो बार. मित्र बसतो ती परमिट रूम. पुढच्या स्टेशनवर असतो तो गुत्ता. आणि ज्याच्यावर आपला राग आहे तो जिथे सापडतो तो अड्डा. दुकान एकच असलं तरी चालतं. ठाण्यातून डोंबिवलीकडे पाहणारा गुत्ता म्हणतो. डोंबिवलीकर तोच शब्द अंबरनाथ-बदलापूरसाठी राखून ठेवतो. बदलापूरकरांनी कर्जतकडे पाहून काय म्हणावं हा त्यांचा प्रश्न.

'उपनगर' शब्दाचीही हीच गत आहे. सरकारी अर्थाने मुंबई उपनगर हा एक जिल्हा आहे, तो १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला, आणि मध्य रेल्वेवर तो मुलुंडला संपतो. म्हणजे ठाणे आणि डोंबिवली ही उपनगरं नाहीतच. यावर दोघांनी खरं तर हातमिळवणी करायला हवी, कारण 'उप' लावून घ्यायला कुणीच राजी नसतं. ठाणेकर सांगतो की आमचं श्रीस्थानक शिलाहारांची राजधानी होतं आणि १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली. डोंबिवलीकर दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर काय गर्दी असते ते सांगतो, आणि आवाज चढवून सांगतो. आम्ही कल्याणकर नुसतं एवढंच म्हणतो की कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे, तेव्हा ही दोन गावं कुठे होती ते बघा. मुलुंडकराकडे इतिहास नाही. त्याच्याकडे मुंबईच्या हद्दीवरच्या नाक्याच्या अलीकडे असल्याचा आनंद आहे, आणि तो त्याला पुरतो.

डोंबिवलीकरांच्या हातात एक हुकमी पत्ता मात्र कायम असतो. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्यामुळे 'याला ठाण्याला पाठवा' हा वाक्प्रचार मुंबईच्या मराठीत कित्येक पिढ्या मुरलाय, जसा पुण्याकडे येरवड्याचा. विनोद फारसा सुसंस्कृत नाही आणि आता तो विरळ होतोय हे बरंच झालं. पण शब्दचर्चेत नोंद करायला हवी, कारण गावाच्या नावाला दुसरा अर्थ चिकटल्याची इतकी ठसठशीत उदाहरणं मराठीत थोडी आहेत.

बरं, इतकं भांडून दोन्ही गावांतल्या बारमध्ये फरक काय? मला तरी दिसला नाही. गल्ल्यावर बहुतेक ठिकाणी उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी, दोन्हीकडे तेच खारे शेंगदाणे, त्याच उकडलेल्या अंड्याच्या फोडी, कोपऱ्यात तोच आवाज बंद केलेला क्रिकेटचा सामना. शेंगदाण्यांच्या त्या बशीला चखणा म्हणतात. काही मेनूकार्डांवर तो 'चकणा' होतो. वाचताना वाटतं, कुणीतरी तिरळा माणूस वाढायला येणार.

पबचं काय ते थोडक्यात. इंग्लंडात पब म्हणजे 'पब्लिक हाऊस'चं छोटं रूप, गल्लीतल्या लोकांची संध्याकाळी टेकायची जागा. आपल्याकडे शब्द आला तो मोठ्या आवाजातलं संगीत, रांग आणि दारावरचा आडदांड माणूस यांना घेऊन. पुण्यात कोरेगाव पार्कचा पब म्हटलं की कोथरूडकराच्या कपाळावर आठी येते ती त्यामुळे. इंग्रजी पबचं खरं मराठी भाषांतर करायचं झालं तर ते 'परमिट रूम' असंच करावं लागेल, फार तर 'क्वार्टर बार'. तिथे वेटर तुमचं नाव विचारत नाही, कारण ते त्याला ठाऊक असतं.

'बार' हा शब्द मराठीला नवा नव्हता हेही सांगून टाकतो. बंदुकीचा बार होता, फुसका बार होता, लग्नाचा बार उडत होता, तंबाखूचा बार तळहातावर मळला जात होता. पाटीवरचा बार या गर्दीत शेवटी आला. तरी आता नुसतं 'बारमध्ये भेटू' म्हटलं की लग्नाचा विचार कुणी करत नाही.

क्रियापदाचं मला जास्त कौतुक आहे. मराठी माणूस 'प्यायला जाऊ' असं सहसा म्हणत नाही. तो 'बसू या' म्हणतो. 'आज बसायचं का?', 'परवा बसलो होतो', 'पुष्कळ दिवसांत बसणं झालं नाही'. घरात आजी असली तरी फोनवर हे मोकळेपणाने बोलता येतं. आजीला वाटतं मंडळी काहीतरी कामाला बसणार आहेत. ठाणे असो की डोंबिवली, या एका शब्दावर एकमत आहे.

पिणाऱ्याला काय म्हणायचं हा प्रश्न मराठीत नाटकाने सोडवला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम इतका रुजला की ते विशेषनाम सामान्यनाम झालं. वर्तमानपत्रं एकतीस डिसेंबरच्या बातमीत 'तळीरामांवर कारवाई' असं लिहितात तेव्हा नाटक न पाहिलेल्यालाही कळतं.

मापांकडे येतो. जुन्या लोकांच्या तोंडी 'पावशेर मारून आलाय' असं असायचं. मेट्रिक मापं आली, शेर गेला, आणि पावशेराच्या जागी क्वार्टर आली. अर्थ तोच, चौथा हिस्सा. देशीच्या दुकानात तिला 'चपटी' म्हणतात, बाटलीच्या आकारावरून. पूर्ण बाटली म्हणजे खंबा. आता हिशेब बघा: क्वार्टर १८० मिलीची, चार झाल्या ७२०, आणि खंबा मात्र ७५० मिलीचा. मधले ३० मिली, म्हणजे बरोबर एक स्मॉल पेग, कुठे जातो यावर ठाणे-डोंबिवलीच्या दरम्यान कितीही तास बोलता येईल. मधल्या दिवा स्टेशनात गाडी थांबलेली असली तर जास्तच.

शेवटी लिंगाचा मुद्दा, कारण तुमच्या प्रश्नात 'ते परमिट रूम' असं आलंय आणि मित्राच्या तोंडी 'ती'. दोन्ही ऐकू येतात. 'रूम' म्हणजे खोली असं मनात असलं की स्त्रीलिंग, आणि अख्खं हॉटेल डोळ्यांसमोर असलं की नपुंसकलिंग. मी 'ती' म्हणतो, पण 'ते'ला चूक म्हणणार नाही. 'क्वार्टर'च्या बाबतीत मात्र सवलत देऊ नये. कल्याण हे रेल्वेचं गाव. आमच्याकडे रेल्वेच्या नोकरदाराला क्वार्टर मिळालं म्हणजे राहायला घर मिळालं. क्वार्टर मिळाली म्हणजे संध्याकाळ मार्गी लागली. एका अनुस्वाराच्या चुकीने घरात सत्यनारायण घातला जाईल, तेव्हा जपून.