‘रन’ दिसला की लगेच धावू नकोस

अनुवादाला नुकती सुरुवात केली आहेस, म्हणून सांगते. ‘रन’ दिसला की ‘धावणे’ लिहून मोकळी होऊ नकोस. आधी कर्ता आणि कर्म बघ. नाक असेल तर ते वाहतं, कपड्याचा रंग असेल तर तो जातो, दुकान असेल तर ते कुणीतरी चालवतं. उमेदवार अमेरिकेत निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये मात्र तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखा उभाच राहतो!

मग ‘रन’च्या पुढे काय जोडलंय ते बघ. ‘रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलं, इतकंच. ‘रन इंटू’ जास्त फसवा: जुनी मैत्रीण असेल तर अचानक गाठ पडली, विजेचा खांब असेल तर गाडी आदळली. अर्थविषयक बातमीत बँकेवर ‘रन’ आला, तर ठेवी काढायला झुंबड उडाली असं लिही. क्रिकेटमधला ‘रन आउट’ आहे तसाच ठेव, तिथे उगाच मराठीकरण नको.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या क्रियापदाचे ६००हून जास्त अर्थ दिलेत. ते पाठ करण्याच्या फंदात पडू नकोस. वहीत पूर्ण वाक्यं उतरव. आपल्याकडेही भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते आणि घाटात गाडी लागते. ‘लागणे’ कुणी यादी करून शिकलं का?