गरम पाण्याची पिशवी

"मॅडम, सरळच विचारते. सत्तावीस वर्षांच्या पोरीनं पिशवी काढून टाकायची म्हटलं तर ती वेडी असते का?"

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मृणाल अजून खुर्चीला नीट टेकलीही नव्हती. (नाव बदललं आहे. घर, नोकरी यांचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. हे लिहायला तिचा होकार आहे.) हा प्रश्न घेऊन येणारी ती पहिली नव्हती, पण इतक्या थेट विचारणारी पहिलीच.

पाळी सुरू झाल्यापासूनच दुखणं. शाळेत बेंचवर डोकं टेकून बसायची, घरी "पोरीच्या जातीला सहन करावं लागते" हे ऐकायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सोनोग्राफीत अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुनं रक्त साठलेली गाठ दिसली, दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. दीड वर्ष बरं गेलं आणि दुखणं परत आलं. मग डायनोजेस्टच्या म्हणजे हार्मोनच्या गोळ्या: पाळी थांबली, पण मधूनमधून डाग लागायचे आणि मन असं खाली बसलं की आरशात बघवेना. मग महिन्याला एक अशी सहा इंजेक्शनं, अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवणारी. त्यांनी दुखणं बरंच उतरलं, पण नेमका एप्रिल-मे. बाहेर ४५ डिग्री, आणि ही कूलरसमोर बसूनही आतून भट्टी पेटल्यासारखी घामानं निथळायची. इंजेक्शनं संपली, दोन पाळ्यांत सगळं पुन्हा होतं तिथे.

दुसऱ्या भेटीत तिनं कुर्त्याची कड थोडी वर केली. ओटीपोटावर तपकिरी जाळी उमटली होती, पोळी तव्यावर जरा जास्त राहिली की पडतात तसल्या डागांची. "गरम पाण्याच्या पिशवीनं झालं हे," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं एकाच जागी शेकून राहिली ना मी. डॉक्टर म्हणे जाईल हळूहळू, शेकणं थांबवलं तर."

या आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, त्याच्यासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात: अंडाशयांवर, नळ्यांवर, गर्भाशयाच्या मागच्या खोबणीत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. पाळीच्या हार्मोन्सना त्याही प्रतिसाद देतात. तिथे सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या साधारण दहा टक्के मुली-बायकांना हा आजार असतो. इतक्या जणी असूनही निदानाला वर्षं जातात, कारण पाळीत दुखायचंच असं आपण धरून चाललेलो असतो.

आता माझी चूक सांगते. पहिल्या तीन भेटी मी मृणालची पिशवी वाचवण्यात घालवल्या. त्याला कारण होतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या आल्या, तिशीच्या आत गर्भाशय काढलेल्या कितीतरी जणी. आपल्या राज्यात "काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला किती स्वस्त आहे हे मी कामात रोज बघते. त्यामुळे तरुण मुलीनं हा शब्द काढला की माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. मी तिला पर्याय सांगत राहिले, घाई नको म्हणत राहिले, "पुढे वाटलं तर?" असं दोनदा तरी म्हणाले.

चौथ्या भेटीत ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हीपण मामीसारखंच बोलून राहिल्या. फक्त हळू आवाजात."

मामीचं म्हणणं होतं, लग्न कर, एक लेकरू झालं की दुखणं पळते. एका डॉक्टरांनीही असंच काहीसं सांगून तिला परत पाठवलं होतं. यात तथ्य इतकंच की गरोदरपणात काहींचा त्रास कमी होतो. पण तो आजारावरचा इलाज नाही, नंतर दुखणं परतू शकतं. आणि इलाज म्हणून मूल जन्माला घालणं या कल्पनेचं मला आजही नवल वाटतं.

मी माफी मागितली आणि नव्यानं सुरुवात केली. म्हटलं, ऑपरेशन होऊन सहा महिने झालेत असं समज. साधा मंगळवार आहे. सकाळपासून सांग.

ती बराच वेळ सांगत होती. दोसर वैश्य चौकातून मेट्रो, बर्डीला बदलायची, खापरीपर्यंत जागा मिळाली नाही तरी उभी राहते. पर्समध्ये दुखण्यावरच्या मेफ्टालची पट्टी नाही. दुपारी मैत्रिणींसोबत तर्री-पोहे खाते, आतड्याला काय वाटेल याचा विचार न करता. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "यातलं किती पिशवी काढल्यानं मिळेल, हे तुला कोणी सांगितलं आहे?" ती गप्प झाली. कोणीच सांगितलं नव्हतं. काढायची की नाही एवढ्यावरच तिची सगळ्यांशी भांडणं चालली होती, काढून काय होईल यावर कोणी बोललंच नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींचं इथेच अडतं, म्हणून जरा थांबते. व्याख्येप्रमाणेच एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचे चट्टे तसेच ठेवले, तर पाळी जाते, दुखणं राहू शकतं. पण कित्येकींना त्याच्या जोडीला अ‍ॅडिनोमायोसिस असतो, म्हणजे तसंच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलेलं असतं. तिथलं दुखणं आणि रक्तस्राव गर्भाशय काढल्यानं जातो. म्हणजे "काढू का?" याच्या आधीचा प्रश्न "माझा आजार नेमका कुठे कुठे आहे?" हा आहे, आणि तो समुपदेशकाला विचारायचा नाही. त्यासाठी एमआरआय लागतो किंवा या आजारात मुरलेल्या हातांनी केलेली सोनोग्राफी, आणि हीच ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन.

दुसरी गोष्ट अंडाशयांची. बोलताना सगळे "पिशवी" म्हणतात आणि त्यात काय काय निघणार हे विचारायचं राहून जातं. दोन्ही अंडाशयं काढली तर आजाराचं खतपाणी तुटतं, परत येण्याची शक्यता घटते, पण रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडं, हृदय, झोप, मन सगळ्यांवर तिचा भार पडतो, आणि इतक्या लहान वयात मग सहसा बरीच वर्षं हार्मोन्स घ्यावी लागतात. अंडाशयं ठेवली तर हे टळतं, पण दुखणं परतण्याची जोखीम थोडी जास्त. मृणालला हे पुस्तकातून समजावावं लागलं नाही. मी म्हटलं, "त्या इंजेक्शनांचा मे महिना आठवतो?" तिनं दोन्ही हात वर केले. "नको बाप्पा! अंडाशयं राहू द्या."

औषधाच्या बिलामागे तिनं प्रश्न लिहून घेतले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. एमआरआयमध्ये दोन्ही निघालं: गर्भाशयाच्या मागे खोलवर आजार, आतडं तिथे चिकटलेलं, आणि गर्भाशयाच्या भिंतीत अ‍ॅडिनोमायोसिस. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आतड्याच्या सर्जनला सोबत घेऊन बाहेरचा आजार कापून काढायचा, गर्भाशय ठेवायचं, नंतर हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवायची. दुसरी, तेच सगळं आणि सोबत गर्भाशयही. पहिलीत भिंतीतलं दुखणं राहू शकतं, दुसरीत परतीची वाट नाही. दुसरीनंतरही शून्य दुखण्याची हमी देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मृणालला तो माणूस तिथेच पटला.

मग आईला घेऊन आली. काकू पदराशी चाळा करत बसल्या. "लोकायले काय सांगू?" हे त्यांचं पहिलं वाक्य. लग्न कसं जमेल, म्हातारपणी कोण बघेल, एकामागून एक. मी उत्तरं दिली नाहीत. सहज विचारलं, "काकू, तुमची पाळी कधी गेली?"

"गेली कुठं, काढली. अडतीसची होती मी."

मृणालनं मान वळवली. तिला माहीतच नव्हतं. ती तेव्हा आजीकडे होती, आईचं "पोटाचं ऑपरेशन" झालं एवढंच तिला सांगितलेलं.

"मले कोणी विचारलं नाही," काकू म्हणाल्या. "डॉक्टर तुझ्या बाबांशी बोलले, बाबांनी सही केली. मी उठली तं झालेलं होतं." थोड्या वेळानं, "म्हणून मले वाटते, नको. एकदा गेलं का गेलं."

पुढची दहा मिनिटं त्या दोघींची होती. मी पाण्याचे ग्लास भरले.

इथे एक सांगून ठेवते, कारण घरोघरी हा घोळ आहे. सज्ञान, शुद्धीत असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिचीच संमती लागते, नवऱ्याची किंवा आईची तिच्याऐवजी चालत नाही. समीरा कोहली खटल्यात हेच घडलं होतं: दुर्बिणीच्या तपासणीपुरती संमती दिलेल्या, भुलीखाली असलेल्या अविवाहित स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशयं तिच्या आईची संमती घेऊन काढली गेली. जिवावरचा तातडीचा प्रसंग नव्हता, त्यामुळे ती संमती ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं. तिथेही आजार एंडोमेट्रिओसिसच होता.

मुलाचा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी घेतला. मृणालनं वाचून ठेवलं होतं: अंडाशयं राहिली तर स्त्रीबीजं राहतात, गर्भाशय नसलेल्या विवाहितेला आणि तिच्या नवऱ्याला २०२१ च्या कायद्यानं अटींसह सरोगसीची वाट आहे, अविवाहितेला नाही, दत्तक मात्र एकटी बाईही घेऊ शकते. हे सगळं तिनं घडाघडा सांगितलं, आणि मी म्हटलं, बरं, पण वाईट कशाचं वाटतं?

"बैलाचं," ती म्हणाली.

घरच्या शोकेसमध्ये आजोबांनी करवून घेतलेला लाकडी नंदी आहे, चाकांचा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, ती तो सजवून जगनाथ बुधवारीत घरोघरी फिरवायची, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायची. "मूल नकोच असं नाही ना मॅडम. त्या बैलाची दोरी कोणाच्या हातात देऊ, असं येते मनात." आणि त्या खोलीत पहिल्यांदाच ती रडली. दुखण्यावर कधी रडली नव्हती.

मी तिला समजावलं नाही. जे जाणार आहे त्याबद्दल रडू आलं म्हणजे निर्णय चुकतोय असं नसतं. दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. तिनं स्वतःच मुदत ठरवली, चार महिने. तोवर गोळी बदलून बघायची, आणि रोज रात्री कालनिर्णयवर दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा. चार महिन्यांनी ती पानं घेऊन आली. सात, आठ, सात, नऊ. मधे एका चौकोनात आकडा नव्हता, पेनाची रेघ खालपर्यंत ओढत गेलेली होती.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिनं ऑपरेशन केलं. बाहेरचा आजार आणि गर्भाशय काढलं, दोन्ही अंडाशयं ठेवली. सही तिची, शेजारी काकू उभ्या.

तिच्याच वयाची, जवळपास तसेच रिपोर्ट असलेली दुसरी एक मुलगी त्याच वर्षी माझ्याकडे येत होती. तिनं पहिली वाट निवडली, गर्भाशय ठेवलं. तिचंही बरं चाललं आहे. कोणीच चुकलं नाही असं मला वाटतं.

मृणालचे पहिले काही आठवडे जड गेले. विनाकारण रडू यायचं, रोजच्या कामाला लागायला दीड-दोन महिने लागले. महिन्यातून दोन दिवस पोट अजून जड होतं, आतडं कधीमधी कुरकुरतं. आकडा दोन, क्वचित तीन. स्थळं येतात तेव्हा काय सांगायचं हे तिनं मला विचारलं होतं. माझं मत, बायोडाटात लिहायची गोष्ट नाही ही, पण गोष्ट पुढे सरकायच्या आधी तिनं स्वतः, तिच्या शब्दांत सांगावी, मामीमार्फत नाही. एकाला सांगून झालं आहे. तो परत आला नाही. ती म्हणाली, "बरं झालं, मेट्रोचं तिकीटच वाया गेलं."

परवा मारबतीच्या दिवशी, पोळ्यानंतर इथे मारबतीचे पुतळे मिरवत नेतात तेव्हा, तिचा फोन आला. मागे गर्दीचा कल्ला, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" ती त्या आवाजावर ओरडून बोलत होती.

"मॅडम, पिशवी आईला देऊन टाकली!"

मी क्षणभर गोंधळले.

"गरम पाण्याची हो! तिच्या गुडघ्याला लागते."